मुंगीवाली, वाळवीवाला आणि उसना अडॅप्टर

खरं प्रेम काळ, अंतर आणि मृत्यू या तिघांनाही पुरून उरतं. नोकरीच्या मुलाखतीला पुरून उरेल, याची हमी मात्र कुणी देत नाही. त्यातून जागा एक आणि उमेदवार दोन.

तिची डॉक्टरेट मुंग्यांवर. पोस्टडॉक म्हणजे काय, हे आईला समजावून ती थकली होती. डॉक्टर झाल्यावर पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली, तेही वर्षाच्या करारावर, म्हणजे कंपाउंडरच की, असं आईचं मत. ही जागा हुकली तर मामाच्या औषधाच्या दुकानात बसायचं, हेही घरात ठरून गेलं होतं.

मुलाखतीच्या खोलीबाहेर दुसरा उमेदवार स्वतःचे खिसे उलटेपालटे करत होता. हा वाळवीवाला. त्याच्या लॅपटॉपला प्रोजेक्टरची वायर बसत नव्हती.

"तुमच्याकडे अडॅप्टर...?"

तिनं दिला. आपण शत्रूला शस्त्र पुरवलं, हे तिच्या नंतर लक्षात आलं. पण तोवर तो हसला होता, आणि ते हसू... असो. मुलाखत आटोपून बाहेर येताना तो तिच्या कानाशी पुटपुटला, की खिडकीजवळचे सर झोपतात, मनाला लावून घेऊ नका. आणि गेला. अडॅप्टर खिशात घालून.

आत पडदा कोराच राहिला. समिती घड्याळं बघू लागली. मामाचं दुकान काउंटरसकट तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मग तिनं खडू उचलला. वारूळ काढलं, वाटा काढल्या, मुंग्या अन्न घेऊन कशा परततात ते सांगता सांगता केस खडूनं पांढरे झाले. खिडकीजवळचे सर जागे होऊन फळ्यापाशी आले.

तेवढ्यात दार उघडलं. वाळवीवाला, धापा टाकत, हातात अडॅप्टर. तो ठेवून त्यानं निघून जायचं होतं. पण फळा दिसला आणि सवय नडली. मागच्या खुर्चीत बसून त्यानं हात वर केला.

"मधली वाट पुसली गेली, तर ती परत कशी येते?"

तिच्या सगळ्या कामाचा जीव याच प्रश्नात होता. ती बोलत राहिली, समिती लिहीत राहिली. हा कोण, हे कुणीच विचारलं नाही. जाताना अडॅप्टर पुन्हा त्याच्याच खिशात गेला.

जागा तिला मिळाली.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात," ती जिन्यात म्हणाली.

"कळत होतं. पण उत्तर ऐकायचं होतं."

त्याला शेजारच्या शहरातल्या विद्यापीठानं घेतलं. तिथे दुसरा अर्जच नव्हता. मग दर शनिवारी तो बसनं अडॅप्टर परत करायला येऊ लागला, आणि दर शनिवारी अडॅप्टर आणायलाच विसरू लागला. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. एका शनिवारी, प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर, त्यानं घसा साफ केला.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे—असं प्राथमिक निष्कर्षांवरून दिसतं."

"नमुने किती तपासलेस?"

"एकच. पण पुन्हा पुन्हा."

 त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती अगदी हळू म्हणाली, "माझेही निष्कर्ष तेच आहेत." वारा थांबला. जगात बोलण्यासारखं काही उरलं नाही...

"ऐक ना," ती म्हणाली, "सोमवारी माझं सेमिनार आहे. आता तरी अडॅप्टर दे."