दुसरा माइक चालू होता

हे खरं आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

भुताखेतांची टिंगल करण्यात आजवर माझा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी लिहितेय, कारण यातला शेवटचा भाग मी माझ्या कानांनी ऐकलाय. आधीचं माझ्या मावसभावाने, शौनकने सांगितलं. तो पदरची मीठमिरची लावणाऱ्यातला नाही. हल्ली तर तो बोलतोच कमी.

गोष्ट गेल्या कार्तिकातली. जागा रत्नागिरी, मालूमावशीचं घर.

आणि रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती. उन्हाने अंगणातल्या चिऱ्यावर पाय ठेववत नव्हता.

शौनक आणि त्याचा थोरला भाऊ चारुदत्त. दोघांना एकच खूळ, सिनेमाचं संगीत. गाणी नव्हेत हं. मारामारी चालू असताना मागे जे धडाडधूम वाजतं ना, ते. ते ऐकायचं, त्याची चिरफाड करायची आणि इंटरनेटवर टाकायची. मावशी म्हणायची, "एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा."

घरामागच्या खोलीत पूर्वी आंब्याची अढी घालायचे. तिथे त्यांनी भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या. टेबल एक, माइक दोन, हेडफोन दोन. दादा व्हायोलिन शिकलेला, म्हणून वाद्यवृंदावर तो बोलणार. शौनक कॉम्प्युटरवर सूर बनवणारा, म्हणून इलेक्ट्रॉनिक भागावर तो. जयगडला बंदराच्या ऑफिसात दादाची नोकरी, सुट्टी रविवारची. जेवणं झाली की सगळी आळी आडवी होते. ना मिक्सर, ना मोटारसायकल. तेव्हा रेकॉर्डिंग.

दादाला एक खोड होती. ऐकताना तो बोटांच्या पेरांनी टेबलावर ठेका धरायचा. तोही ढोल वाजल्यावर नाही.

ढोल पडायच्या किंचित आधी.

ऐकणारे तक्रार करायचे, मागे कसली टकटक येते म्हणून. दादा म्हणायचा, "येऊ दे. त्यांना कळू दे की माणूस ऐकतोय."

एका इंग्रजी सिनेमाच्या संगीताचं त्यांनी केलेलं परीक्षण खूप गाजलं. यंत्रमानवांच्या लढाईचा सिनेमा. नाव सांगत नाही, सिनेमावाल्यांना कशाला यात ओढा. त्याचा दुसरा भाग येणार कळलं, तेव्हा दादा लहान पोरासारखा नाचला होता.

दुसरा भाग यायच्या आधीच, फाल्गुनात, आरे-वारेच्या उतारावर दादाची मोटारसायकल घसरली.

जागच्या जागी गेला.

शौनक रडला नाही. मसणातही नाही. लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं. जेवायला वाढलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. संगीत लावलं तर नळाचं पाणी पडताना ऐकावं तसं ऐकायचा.

मग दहावा आला.

पिंड ठेवले. सगळे लांब हात जोडून उभे. माडावर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ! मावशी म्हणाली, "सगळं नीट होईल रे, जा तू." कावळा हलला नाही. मनस्विनीवहिनी, दादाची बायको, पुढे झाली. तिला बोलवत नव्हतं. "शमिकाला मी शिकवीन. काही कमी पडू देणार नाही. तुझी लेक माझ्यावर सोड, चारू."

कावळ्याने मान फिरवली.

ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेवढ्यात शौनक, ज्याच्या तोंडून चार दिवस शब्द फुटला नव्हता, तो एकदम म्हणाला,

"दादा, दुसऱ्या भागाचं परीक्षण आपण दोघंच करू. नेहमीसारखं."

आणि...

कावळा उतरला. थेट पिंडावर.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. फक्त आप्पांचा, म्हणजे शौनकच्या थोरल्या काकांचा चेहरा उतरला. परतताना त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"काय बोललास हे? अरे, गेलेल्याला शब्द द्यायचा तो आपण करू तेवढ्याचा. तू त्याला कामाला बोलावलंस!"

वहिनी मागेच होती. तिच्या शब्दाला जो हलला नाही, तो सिनेमाच्या संगीताला हलला, हे तिने ऐकलं होतं आणि पाहिलंही होतं.

कार्तिकात दुसऱ्या भागाचं संगीत आलं. शौनकने ते दोन-तीनदा ऐकलं. काही वाटलं नाही. पण शब्द दिला होता. रविवारी जेवण झाल्यावर तो अढीच्या खोलीत गेला, दार लावलं आणि बसला.

हाताला सवय होती. हाताने दोन्ही माइक चालू केले. दोन्ही हेडफोन जोडले. एक कानाला लावला, दुसरा दादाच्या खुर्चीसमोर टेबलावर.

त्याच्या लक्षातही आलं नाही.

"नमस्कार. मी शौनक..."

आणि थांबला. इथे दादा आपलं नाव सांगायचा.

मग त्याने पुढे सुरुवात केली. पहिला तुकडा हल्ल्याचा. खाली कॉम्प्युटरचा जाड, घरघरता सूर, वर सगळी पितळी वाद्यं एकदम. शौनक सपाट आवाजात बोलत गेला. आवाज मोठा आहे, पण नवीन काही नाही. पहिल्या भागातलीच धून जास्त माणसं लावून वाजवली आहे. तीन तुकडे असे गेले. वाद्यवृंदाची पाळी आली की तो सवयीने थांबायचा. कुणी बोलत नाही हे कळेपर्यंत थोडा वेळ जायचा. मग पुढे.

चौथा तुकडा शांत होता. लढाईनंतरचा. एकच व्हायोलिन, आणि मागे एखादं यंत्र बंद पडत जावं तसा मंद होत जाणारा ठोका.

तो चालू असताना दाराबाहेरून कामवाल्या यमुनाबाईंचा आवाज आला.

"शौनकदादा, भितुर कोन आयलाय? च्या किती ठेवू?"

"कुणी नाही, यमुनाबाई. एकच ठेवा."

त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग चपला वाजवत गेल्या. चहा आला तो दोन कपांत. ठेवला तो उंबऱ्याबाहेरच.

शौनकने रेकॉर्डिंग थांबवलं आणि स्क्रीनकडे पाहिलं.

दोन माइक, दोन पट्ट्या. वरची त्याची, आवाजाने फुगलेली. खालची दादाची. ती सपाट हवी होती...

सपाट नव्हती.

बारीक बारीक टोकं होती. ठरावीक अंतराने.

त्याने वरची पट्टी बंद केली. फक्त खालची लावली.

आधी नुसती शांतता. मग खुर्ची करकरली. मग...

टक. टक-टक. टक.

उंदीर असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग त्या टकटकीच्या जोडीला मूळ संगीत लावून पाहिलं.

प्रत्येक टक ढोल पडायच्या किंचित आधी होती.

आणि हे लक्षात घ्या, संगीत खोलीत वाजतच नव्हतं. ते फक्त हेडफोनमध्ये होतं. बाहेरच्या कुणाला, उंदराला काय नि माणसाला काय, ढोल कधी पडणार हे कळायचं कारणच नव्हतं.

शौनकने हात लांब करून दादाचा हेडफोन उचलला.

कानाची गादी... कोमट होती.

तो घाबरला नाही. हे त्याने मला दोनदा सांगितलं. त्याने पुन्हा चौथा तुकडा लावला, खालच्या पट्टीच्या टकटकीसकट. आणि त्या व्हायोलिनने पहिल्यांदा, फाल्गुनानंतर पहिल्यांदा, त्याच्या छातीत कळ उठली. तो टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

मग पुन्हा ऐकलं. टकटक बंद करून. काही नाही. नळाचं पाणी.

संध्याकाळी त्याने वहिनीला बोलावलं आणि ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. चेहरा दगड.

"माझ्यासाठी नाही आला," ती म्हणाली. "लेकीसाठी नाही आला. ह्यासाठी आला."

"वहिनी..."

"आप्पांना सांग."

आप्पा आले, खोलीच्या दारातच उभे राहिले. आत पाऊल टाकेनात. "शब्दाला बांधलंयस त्याला. आता पुरा कर नि मोकळा कर. किती राहिलंय?"

"एकच तुकडा. आणि मग शेवट. गुण द्यायचे आणि नमस्कार म्हणायचा."

"मग येत्या रविवारी आटप. उगा लांबण नको."

"आणि मग टकटक यायची नाही?"

आप्पा चमकले. "अरे, त्यासाठीच तर करायचं ना?"

वहिनीच म्हणाली, "करेल तो. मी बसते सोबत."

रविवारी दोघं बसली. वहिनी दादाच्या खुर्चीत, दादाचा हेडफोन लावून. मी बाहेर ओटीवर मावशी-आप्पांपाशी होते. दार लावलेलं. आत काय झालं ते शौनकनेच मागून सांगितलं.

शेवटचा तुकडा मोठा. पहिल्या भागातली धून इथे परत येते, पण फार संथ. सगळी व्हायोलिनं एका सुरात, खाली तो कॉम्प्युटरचा घरघरता सूर हळूहळू विरत जाणारा. शेवटी नुसती वाद्यं उरतात, माणसांनी वाजवलेली. शौनक म्हणाला, दादा असता तर या जागेवर अर्धा तास बोलला असता.

तुकडा संपत आला. शौनकने माइक जवळ ओढला. आता गुण, मग नमस्कार. झालं.

त्याने वहिनीकडे पाहिलं.

तिचे डोळे मिटलेले होते. मान एका बाजूला कलली होती. कुणी बट कानामागे सारताना आपण मान झुकवतो, तशी. आणि तिच्या समोरच्या टेबलावर, जिथे तिचे हात नव्हते...

टक. टक-टक.

शौनकने तोंड उघडलं.

वहिनीने डोळे न उघडता त्याच्या माइकवर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "अपुरं राहू दे."

"वहिनी, आप्पा म्हणाले..."

"आप्पांचं कोण गेलंय? पुन्हा लाव पहिल्यापासून."

त्याने लावलं. त्यालाही तेच हवं होतं.

दार उघडून दोघं बाहेर आली तेव्हा वहिनीच्या चेहऱ्यावर रया आली होती. कित्येक महिन्यांनी तिने शमिकाची वेणी घातली, मावशीशी दोन शब्द बोलली. मावशीला वाटलं, सुटलं सगळं. मलाही तसंच वाटलं. आप्पांना मात्र कळलं, शेवट केलेलाच नाही. ते चप्पल घालून निघून गेले, आणि त्यानंतर त्या घरी आलेले नाहीत.

ते परीक्षण अजून इंटरनेटवर आलेलं नाही. लोक विचारतात. शौनक उत्तर देत नाही. दर रविवारी जेवणं झाली की दीर-भावजय त्या खोलीत जातात, दार लावतात, शेवटचा तुकडा लावतात. शेवटाशी आले की थांबतात.

परवा मी गेले होते. शौनक खुशीत होता. "ये, तुला ऐकवतो," म्हणाला. त्याच आठवड्याचं रेकॉर्डिंग. एका कानात संगीत, दुसऱ्यात दादाची पट्टी.

मला संगीतातलं काही कळत नाही. पण ताल कळतो, लेझीम खेळलेली बाई आहे मी.

व्हायोलिनं संथ चालली होती. आणि दुसऱ्या कानात...

टकटकटक. टकटक. थांबलं. मग पुन्हा, जोरात. टकटकटकटक.

त्याचा संगीताशी काही संबंध नव्हता. ना ढोलाच्या आधी, ना नंतर. आवाज टेबलाचाही वाटत नव्हता. बाहेरून कडी लागली की आतला माणूस दार ठोठावतो, तसं वाजत होतं. मध्येच थांबायचं, कुणी येतंय का ऐकायला थांबल्यासारखं. मग पुन्हा दुप्पट जोराने.

मी मान वर केली. शौनकचे डोळे मिटलेले, गालांवर पाणी. पलीकडे वहिनी हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होती.

"कळतंय ना?" शौनक म्हणाला. "काय ठेका धरलाय दादाने!"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?