बाराशे कोरडे गळ

"भिजलेलं कातडं म्हणजे सासूचं मन. एकदा आवळलं की सुटायचं नाव नाही," मॅरियन एल्स्पेटच्या कानाशी पुटपुटली. "कापू का हे बूट?"

"कापू नकोस. चांगले आहेत. कुणाच्या तरी पायात जातील."

मॅरियनने पुन्हा ओढलं. मांडीपर्यंतचा बूट एकदाचा सुटला आणि त्यातून पाणी, वाळू आणि एक बारका खेकडा फरशीवर पडला. दोघींनी खेकड्याकडे पाहिलं.

टेबलावर मॅरियनचा धाकटा दीर होता, तिचा नवरा गॅव्हिन याचा भाऊ कॉस्मो. सोमवारी पहाटे मासेमारीला गेला, तो गुरुवारी सकाळी गावाखालच्याच खडकांत सापडला. पोर्टगॅरीत येणाऱ्या जिवाला पहिला हात एल्स्पेटचा लागे आणि जाणाऱ्याला शेवटचाही तिचाच. ती गावची सुईण, आणि मेलेल्यांना आंघोळ घालणारीही तीच. सव्वीस वर्षांपूर्वी याच पोराला तिने पहिलं अंगडं घातलं होतं.

चुलीशी कॉस्मोची आई, म्हातारी एप्पी, विणत बसली होती. सोमवारपासून ती एकाच मोज्याची टाच विणत होती. विणायची, उसवायची, पुन्हा विणायची.

एल्स्पेटने कॉस्मोची उजवी मूठ उघडली. तळव्यात लाकडाच्या दोन लांब सली खोल रुतल्या होत्या. एका सलीला हिरवा रंग होता. तिने सुईने दोन्ही काढल्या आणि एप्रनला टोचून ठेवल्या. मग केसांत बोटं घालून डोकं चाचपलं. कुठे टेंगूळ नाही, खोक नाही.

"सोमवारी याला बोटीपर्यंत कुणी नेलं?" तिने मॅरियनला विचारलं. "याच्या बायकोला तर आठवा महिना आहे."

पोर्टगॅरीचे पुरुष स्वतःच्या पायांनी पाण्यात उतरत नसत. पहाटेच बुटांत पाणी गेलं तर माणूस दिवसभर गारठणार, म्हणून बायका कमरेएवढ्या पाण्यातून त्यांना पाठीवर घेऊन बोटीत सोडत. बायका भिजल्या तर भिजल्या. त्यांना काय, घरी चूल असते.

"मीच नेलं," मॅरियन म्हणाली. "आधी गॅव्हिनला सोडलं, मग याला."

"मग?"

"मग काय? बसला बोटीत. गेले."

"जाताना पाहिलंस?"

"बोट सुटल्यावर वळून बघत नाहीत, मावशी. मी काय तुला शिकवू?"

नाही, ते एल्स्पेटला शिकवायची गरज नव्हती; सुटलेल्या बोटीकडे वळून बघणं म्हणजे अपशकुन.

सोमवारी ती गावात नव्हती. टेकडीवरच्या शेतावर बाळंतपणाला गेली होती. दुपारी परतली तेव्हा बोट नुकतीच आली होती, चारांपैकी तीनच माणसं घेऊन. बातमी ऐकून ती धावत इथेच, गॅव्हिनच्या घरी आली, तर कुंपणाच्या भिंतीवर मॅरियनचे कपडे वाळत होते. जाड लोकरी परकर, झंपर, शाल, डोक्याला बांधायची पांढरी टोपी. असल्या दिवशी हिला कपडे धुवायचं सुचतं तरी कसं, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं.

दार वाजलं. हवालदार मेल्ड्रम आत आला आणि मागोमाग गॅव्हिन. मेल्ड्रम शहरातला, मूळचा शेतकऱ्याचा मुलगा. समुद्र खिडकीतून दिसला तरी तो खुर्ची फिरवून बसे. टेबलाकडे न बघता त्याने वही उघडली.

"पुन्हा एकदा सांगा. तुम्ही बोटीचे नाखवा. भाऊ पडला कधी?"

"गळांचा दोर ओढताना," गॅव्हिन म्हणाला. "उजाडून दोन तास झाले असतील."

"किनाऱ्यापासून किती लांब?"

"दहा मैल."

"कुणाचा दोर?"

"त्याचाच."

"शेजारी कोण होतं?"

गॅव्हिनने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "टॉर्मोड."

"भांडण झालं होतं?"

"मी पाहिलं नाही."

"चौथा माणूस?"

"वॅटीकाका. सुकाणूवर होता. त्याची पाठ होती."

या आठवड्यात गावात सगळ्यांना फक्त पाठीच आहेत, एल्स्पेटच्या मनात आलं.

"टॉर्मोडचे दोन्ही तळवे सोलवटलेत," मेल्ड्रम म्हणाला. "वल्ह्याने मारलं असणार. वल्हं हातात होतं हे तो कबूल करतो. पुढे तोंड उघडत नाही. बारा वाजता गाडी निघेल. पुढचं न्यायाधीश बघतील."

"फाशी?" मॅरियनने विचारलं. तिचा आवाज उगाचच चढला.

"दुसरं काय?"

गॅव्हिन टोपीकडे बघत राहिला.

एल्स्पेटने हात पुसले आणि ओटची भाकरी घेऊन बाहेर आली.

टॉर्मोड गाडीत बसला होता, हात बांधलेला. पश्चिमेच्या बेटांवरचा हा पंचविशीचा माणूस दोन वर्षांपासून गॅव्हिनच्या माळ्यावर झोपत होता. इथली भाषा तो अडखळत बोले आणि पोरीबाळी त्याची नक्कल करत. तिने भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरला.

"खा. पोटाने काय गुन्हा केलाय?"

त्याने खाल्ला. तिने त्याचे तळवे उलटे केले. कातडी बोटांच्या दिशेने सोलली गेली होती, जशी हातातली वस्तू कुणी हिसकावून नेली की सोलते. एका बोटात हिरवी सल होती.

"वल्हं तुझ्या हातात होतं?"

"होतं."

"दुसरं टोक कुणाच्या हातात होतं?"

तो समुद्राकडे बघत राहिला.

"टॉर्मोड, तुला फाशी देतील."

"सांगून काय, बाई? या गावात सगळ्यांचं आडनाव एक. माझंच वेगळं. कोण ऐकणार?"

"मी ऐकेन."

"तुम्हीही इथल्याच," तो म्हणाला. रागाने नाही. हवा कशी आहे सांगावं तसं.

ती इथलीच होती. ती बोलली तर उद्यापासून पोर्टगॅरीतलं एकही दार तिला उघडणार नव्हतं. नाही बोलली तर हा मरणार होता. एवढा सोपा हिशोब, तरी तिने तो दोनदा केला.

मग ती मागच्या खोलीत गेली. तिथे वास होता. ओळखीचाच, पण नको इतका. कॉस्मोची बायको बेथिया खिडकीखाली पोटावर हात टेकून बसली होती. तिच्यासमोर कॉस्मोच्या दोराची पसरट टोपली. एकेका माणसाच्या दोराला बाराशे गळ. प्रत्येक गळाला शिंपल्याचं मांस लावायचं, गवताच्या थरांवर ओळीने वेटोळं रचायचं. हे काम घरच्या बाईचं. प्रत्येकीचं रचणं वेगळं, जशी प्रत्येकीची वेणी वेगळी. पुरुष त्यात डोकावतही नाहीत.

बेथिया एकेका गळावरचं कुजकं मांस काढून बादलीत टाकत होती.

"हे कधी लावलंस?"

"रविवार सरल्यावर. मध्यरात्रीनंतर."

"टोपली परत कधी आली?"

"सोमवारी. गॅव्हिनने आणून दाराशी ठेवली."

एल्स्पेट वाकली. वरच्या ओळी बेथियाने मोकळ्या केल्या होत्या. खालच्या जशाच्या तशा. गवताची पातीसुद्धा हललेली नव्हती.

"बेथिया, यातला एकतरी गळ ओला होता का गं?"

बेथियाचा हात थांबला नाही. "एकही नाही."

"कधी कळलं तुला?"

"सोमवारीच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून राहू कुणाकडे?" बेथिया म्हणाली आणि पुढचा गळ हातात घेतला.

एल्स्पेटने टोपली उचलली. जड होती. ती समोरच्या खोलीत आणून तिने मेल्ड्रमच्या पायाशी ठेवली. त्याने नाक दाबलं.

"हे काय?"

"कॉस्मोचा दोर. नाखवा म्हणतो, हा दोर समुद्रातून ओढताना तो पडला."

"मग?"

"मग हा समुद्रात टाकला कधी? पाण्यात जाऊन आलेल्या दोरावर आमिष असं ओळीने राहत नाही. निम्मं मासे खातात, उरलेलं गुंत्यात जातं. हे बघा. बाईने पहाटे रचलं तसंच आहे. कॉस्मो दहा मैलांवर पोचलाच नाही, हवालदारसाहेब."

गॅव्हिनने टोपलीकडे पाहिलं. त्या बादल्या, त्या टोपल्या आयुष्यभर त्याच्या घरात होत्या, पण तो त्या आत्ता पहिल्यांदाच बघत असावा.

"म्हणजे वाटेत मारला?" मेल्ड्रमने विचारलं.

"वाटेतही नाही. तो बोटीत बसलाच नाही." एल्स्पेट मॅरियनकडे वळली. "पोरी, परकर तुझा रोजच भिजतो. टोपी का भिजली?"

मॅरियनने तोंडावर हात ठेवला.

"मी सोमवारी भिंतीवर बघितली. मला वाटलं, कपडे धुतलेस. तू पाण्याखाली गेलीस ना? अगदी डोक्यापर्यंत?"

"शेवाळावर पाय सरकला," मॅरियन म्हणाली. "लाट आली. मी वर आले. हा... याचे बूट भरले. मी हात घातला, मावशी. शपथेवर सांगते. हातात नुसतं पाणी आलं."

"तुला कुणी बोल लावत नाही. तुझा दोष नाही."

मेल्ड्रमने वही खाली केली. "पण मग हा अपघात झाला. तो दडवायचा कशाला?"

एल्स्पेटने एप्रनमधल्या सली काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या. "या कॉस्मोच्या मुठीतल्या. हिरवा रंग गॅव्हिनच्या वल्ह्यांचा. वल्ह्याने मारलं असतं तर खूण डोक्यावर असती. डोकं साफ आहे. तळव्यात सल जाते ती वल्हं घट्ट धरल्यावर. आणि बाहेरच्या त्या माणसाच्या हातात अशीच सल आहे. एक टोक टॉर्मोडने धरलं होतं, एक कॉस्मोने. तो याला बाहेर काढत होता. गावात तेवढा एकच माणूस होता जो काढत होता."

"आणि त्याचे तळवे?"

"वल्हं त्याच्या हातातून मागून हिसकावलं. वॅटीकाकाच्या बोटांत संधिवात आहे, त्याला पळीसुद्धा धरवत नाही. बोटीत उरला कोण?"

गॅव्हिनने टोपी खिडकीत ठेवली. खिडकीवर पाऊस बारीक वाजत होता.

"मी ओढलं," तो म्हणाला.

"सख्ख्या भावाच्या हातातून?" मेल्ड्रमला खरंच समजत नव्हतं. "वैर होतं?"

"नव्हतं," एल्स्पेट म्हणाली. "तुम्ही जमिनीवरचे. इथे म्हणतात, समुद्राच्या तोंडातला घास काढला तर तो त्याच बोटीतला दुसरा घेतो. यांच्या बापाने एकदा एका नॉर्वेच्या खलाशाला वर ओढलं होतं. महिना भरायच्या आत बाप गेला. त्यानंतर इथे कुणी हात पुढे करत नाही. टॉर्मोडला हे कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि किनाऱ्यावरच्या बाया? त्यांनी बघितलं नाही?"

"त्या वळून बघत नाहीत," एल्स्पेट म्हणाली. "पण कान काय पाठीला नसतात? त्याने हाका मारल्या असतील. मी तिथे असते तर मीही वळले नसते, कदाचित. ते मला माहीत नाही. मी शेतावर होते, एवढंच माझं नशीब."

दारात बेथिया येऊन उभी होती. ती कुणाकडेच बघत नव्हती, नवऱ्याकडेसुद्धा.

मेल्ड्रमने खिशातून दोरी काढली. गॅव्हिनने स्वतःच हात पुढे केले, मनगटं जुळवून. मॅरियन रडत नव्हती. तिने फक्त त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं, बाहेर गारठा होता म्हणून.

"बांधू नका त्याला."

एप्पी होती. सोमवारपासून तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. विणकाम तिच्या मांडीवर होतं, सुया तशाच.

"आई, गप्प बस," गॅव्हिन म्हणाला.

"गॅव्हिनने वल्ह्याला हात घातला तो कॉस्मोला वर घ्यायला. टॉर्मोडला एकट्याला जड जात होतं." म्हातारी सावकाश, सपाट आवाजात बोलत होती, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. "मी पाण्यात उभी होते. गुडघाभर. सगळ्यांनी पाठ फिरवली, मी नाही फिरवली. माझा पोर होता तो."

"आई."

"कॉस्मोने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, मी त्याला धीर देतेय. मी गॅव्हिनला ओरडले. म्हटलं, ओढून घे वल्हं, सोड त्याला." तिने विणकाम बाजूला ठेवलं. "दोघं होते माझे त्या बोटीवर. मला एक तरी ठेवायचा होता."