तळघरातली ओल

तळघरात गाणी ऐकायची खोली करू की नको, हे विचारायला माझ्याकडे आलास ते बरं केलंस, तोइवो. बस, कॉफी घे. इथे कॅनडात, थंडर बेमध्ये चाळीस वर्षं लोकांच्या तळघरांतून वायरी ओढल्यात मी. या कामात मला कुणी शिकवावं असं फारसं उरलेलं नाही. पण आधी माझ्या तळघराचं ऐक, मग तुझं तू ठरव.

गेल्या पानगळीत डॉक्टरांनी आमच्या हिला, आउनेला स्पष्ट सांगितलं, कान चाललेत. फार तर हा हिवाळा, पुढे काही नाही. येताना गाडीत ती म्हणाली, "बाबांच्या गाण्यांच्या तबकड्या एकदा सगळ्या नीट ऐकायच्यात मला. एकूण एक." चारशेच्या वर तबकड्या. वर घरात रस्त्याचा गोंगाट, हीटरची घरघर. मी म्हटलं, तळघर कशाला आहे? महिन्याभरात खोली उभी करतो.

खाली कोपऱ्यात जुना सॉना होता, वाफेनं अंघोळ करायची लाकडी खोली, आमच्या आधी या घरात राहणाऱ्या म्हातारीच्या वेळची. आम्ही तो कधी पेटवलाच नव्हता. मी फळ्या उखडायला लागलो तशी आउने जिन्यावर येऊन उभी राहिली. पायात लोकरीचे दोन-दोन मोजे. लहानपणी शाळेच्या वाटेवर तिच्या डाव्या पायाची करंगळी बर्फात गारठून झडली, तेव्हापासून गार फरशीवर ती अनवाणी पाय ठेवत नाही.

"सॉना मोडून तिथे गाणी लावणार तू?" ती म्हणाली. "आई आम्हाला सॉनात शिट्टीसुद्धा वाजवू द्यायची नाही. पोरं तिथेच जन्मायची, मेलेल्याला आंघोळ तिथेच घालायचे. चर्चमध्ये बसतो तसं गप्प बसायचं, म्हणायची."

"तुझ्या आईनं मला कधी जावई मानलं नाही. मी तिचे नियम का मानू?"

"हट्टी मेला," म्हणाली आणि हसत वर गेली.

आता ओल तपासायची रीत. काँक्रीटवर पारदर्शक प्लॅस्टिक पसरायचं, चारी कडांना चिकटपट्टी लावायची, तीन दिवस हात लावायचा नाही. खालून पाणी धरलं तर खोलीचा नाद सोडायचा. सॉना होता बरोबर तिथेच मी प्लॅस्टिक लावलं, कारण आउनेची खुर्ची तिथे यायची होती.

चौथ्या दिवशी न्याहारी करून खाली गेलो. खिडकीतून ऊन आत आलेलं. प्लॅस्टिक कोरडं होतं, फक्त मधोमध दोन ठिकाणी खालच्या बाजूनं पाणी धरलं होतं. तळव्यांच्या आकाराचं. टाचा, चवडे, दहा बोटं. आणि ओल्या लाकडाचा, सॉनात अंगावर झोडपून घेतात त्या बर्चच्या पानांचा वास...

घाबरलो. सांगायला लाज कसली? पण लगेच मनाशी म्हटलं, सिमेंट ओलं असताना कुणीतरी उभं राहिलं असणार, म्हणून तिथेच पाझरतंय. कारण सापडलं की माझी छाती पुन्हा फुगते. वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले आणि नवं प्लॅस्टिक लावलं.

तीन दिवसांनी पावलं तिथेच होती. फक्त आधी बोटं भिंतीकडे होती, आता जिन्याकडे. सिमेंटात उमटलेले पाय वळत नाहीत रे.

तिथेच थांबायला हवं होतं. पण बाहेर पहिला बर्फ पडला होता आणि आउने दर वाक्याला "काय?" विचारायला लागली होती. मी प्लॅस्टिक तसंच ठेवून वर फळ्या ठोकल्या. एक फळी उचलता येईल अशी ठेवली, ही आमच्या धंद्यातली सवय. वर गालिचा घातला. खोली झकास झाली. मार्चमध्ये तिनं शेवटची तबकडी ऐकली. एप्रिलमध्ये कान पूर्ण गेले. मी पाटीवर लिहून बोलायला लागलो.

मग एका शनिवारी, म्हणजे जुन्या लोकांच्या सॉनाच्या वारी, दुपारी ती कुठे दिसेना. खाली गेलो. तबकडी बंद. ती पाठमोरी खुर्चीत बसलेली, केस ओले, पाय अनवाणी, मान हळूहळू डोलत होती. मी सवयीनं दारातूनच हाक मारली, "आउने?"

"हळू बोल..." मागे न वळता ती म्हणाली. "इथे आवाज करत नाहीत."

वर आली की ठार बहिरी. खाली मात्र माझी कुजबुजही तिला ऐकू येते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. लग्नानंतर कधी जितकं बोललो नव्हतो, तितकं आम्ही त्या खोलीत दर शनिवारी बोलतो.

गेल्या आठवड्यात ती बहिणीकडे गेली होती, तेव्हा मी ती फळी उचलली. प्लॅस्टिकखाली आता दोन जोड्या होत्या. जुन्या पावलांना लागून लहान पावलं. डाव्याला करंगळी नव्हती.

पहार काढून जिन्याशी ठेवली. अर्ध्या दिवसात सगळं उखडून टाकेन, तेवढा दम आहे अजून. पण खोली मोडली तर आउने मला परत कधीच ऐकणार नाही. चार दिवस विचार केला आणि पहार परत गॅरेजमध्ये नेऊन ठेवली.

तर तू ओल तपासून घे, तोइवो. आज सकाळी मीही पुन्हा पाहिलं. तिच्या पावलांशेजारी एक मोठी टाच उमटलीये, माझ्याच मापाची. चवडा अजून यायचाय.