सुट्टीवर गेलेली

कादंबरी लिहायला बसली की तिला कशाचं भान राहत नसे. डोळे लाल होईपर्यंत लिहायची, मग मनगट सुजून अंथरुणाला खिळायची. "हात कोणी भाड्यानं देत नाही हो," डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली. सकाळी बसायचं, टेबलावरचं ऊन सरकलं की उठायचं. आधी जीव तुटला. मग अंगवळणी पडलं. पानं कमी झाली, पण खोडावी लागेनात. झोपही येऊ लागली.

तेवढ्या भरवशावर तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच सुट्टी घेतली. कादंबरी अर्ध्यावर ठेवून ती थोरल्या बहिणीकडे, तळ्याकाठच्या गावी गेली. नवरा स्टँडवर सोडायला आला होता. तिथं ती पोटभर झोपली, ताईशी भरपूर भांडली, कागदाला हात लावला नाही. चार-पाच दिवसांनी तिनं ताईच्या फोनवरून घरी फोन केला.

"हळू बोला ताई," नवरा कुजबुजला. "ती लिहितेय."

"अहो, मी बोलतेय."



"ताई, आवाज अगदी तिच्यासारखा काढता हं. ती गेली त्याच संध्याकाळी परत आली. करमेना म्हणाली. तुम्हाला सांगून निघाली ना?"

नवरा थट्टा करणाऱ्यातला नव्हता. चष्म्याच्या दुकानात उभा जन्म गेला. गिऱ्हाइकाशीही तो मोजकंच बोलायचा.

तिच्या हातून रिसीव्हर निसटला. ताईनं तो उचलून कानाला लावला. पलीकडे दाराची कडी वाजली आणि एक बाई म्हणाली, "कोणाचा फोन?" ताईनं फोन ठेवला. काही न विचारता तिनं पायात चपला सरकवल्या.

बसमध्ये ताईनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. घरी पोचल्या तेव्हा दुपार टळत आली होती. नवऱ्यानं दार उघडलं. तिच्याकडे बघून त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो मागे सरकला, भिंतीला टेकला.

लिहायची खोली बंद होती. आत कागदावर पेन चालत होतं. सावकाश. मध्ये थांबत, पुन्हा सुरू होत. अगदी तिला आता जमू लागलं होतं तसं.

"अगं," नवरा बंद दाराकडे बघून म्हणाला. "ताई आल्यात. आणि..."



पेन थांबलं. खुर्ची मागे सरकली.

"ताईला बसायला सांगा," आतून तिचाच आवाज आला, शांत, जरा दमलेला. "आणि तिला म्हणावं, एवढ्यात कशाला आलीस? राहा की अजून थोडे दिवस."

तिनं ताईकडे पाहिलं.

ताई दाराकडे बघत होती. तिच्या हातातला आपला हात ताईनं हळूच सोडवून घेतला.