पाहुणपेशी

सांध्यांच्या सुजेला आता कुणी नुसता संधिवात म्हणत नसे. दवाखान्यात पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न यायचा, "कुणाच्या पेशी?" शरीर स्वतःवरच का उलटतं, याचं एक कारण सापडलं होतं: पाहुणपेशी. गर्भातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि जन्मभर तिथंच बिऱ्हाड थाटतात. त्यांतला अर्धा वारसा आईचा, तो शरीराला चालतो. उरलेला अर्धा बापाचा. एखादीचं शरीर त्या परक्या अर्ध्यावर तुटून पडतं आणि सांधे पेटतात.

ऋतुजाला कित्येक वर्षांत स्वतःची वेणी घालता आली नव्हती. तरी डॉ. तहसीन मुजावर तपासणीचा निकाल घेऊन समोर बसल्या, तेव्हा ती हसत म्हणाली, "आमच्या चिरंजीवांचेच प्रताप ना? पोटात होता तेव्हापासून छळतोय मेला!"

"नाही ताई. या पेशी मुलीच्या आहेत."

"मला मुलगी नाही हो."

बोलली आणि तिला आठवलं. मुलाच्या आधी एकदा दिवस राहिले होते. पाचव्या महिन्यात घरातल्या घरात चोरओटी भरली, हातात हिरव्या बांगड्या चढल्या. पुढच्याच आठवड्यात नवरा, प्रथमेश, सांगत आला होता की बाळात दोष आहे, जगणार नाही, मोकळं झालेलं बरं. ऋतुजानं डोळे मिटून होकाराची मान डोलावली होती.

"दोष होता तिच्यात," ती कशीबशी म्हणाली.

"आम्ही त्या पेशींतली जनुकं पूर्ण वाचली, ताई. दोष शोधूनही सापडला नाही. निरोगी आहे ती."

आहे! होती नव्हे, आहे.

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं आणि सांगितलं, "उपाय दोन आहेत. औषधानं या पेशी संपवायच्या. नाहीतर सलोखा. म्हणजे ही आपलीच आहे, असं शरीराला शिकवायचं. त्यासाठी तिच्या वडिलांच्या रक्तातले अंश तुमच्यात थोडेथोडे मुरवावे लागतात. शरीरानं त्यांना आपलं मानलं, की ते तिलाही मानतं."

रक्त लागेल एवढंच बाहेर कळलेला प्रथमेश बाही दुमडूनच आत आला. "घ्या डॉक्टर, हवं तेवढं घ्या! बायकोसाठी एवढं तरी..."

"मुलगी होती म्हणून ना रे?" ऋतुजानं विचारलं.

कोणती मुलगी, असं त्यानं विचारलं नाही. तो बाही खाली ओढू लागला.

त्याला आत्ताच्या आत्ता चालता हो म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सुजलेल्या बोटांनी तिनं त्याचं मनगट गच्च धरलं. कळ थेट खांद्यापर्यंत गेली.

"घ्या रक्त, डॉक्टर. पोरीला पुन्हा मारायचं नाही मला."

सुई आत गेली. काही महिन्यांत सांधे शांत होणार होते. आणि ज्याचं तोंडही तिला यापुढे पाहायचं नव्हतं, तो माणूस तिच्या रक्ताला मात्र आपला वाटू लागणार होता.