जळक्या केसांचा वास

"अगं, तिथे ना, रोज एका घरी जेवण!" जागृती सांगत होती. "एका घरी सूप, दुसऱ्या घरी बटाटे, तिसऱ्या घरी परत बटाटे! आणि थंडी वाजली की, मी जिच्या घरी राहिले त्या लुसियाची आजी मला आपल्या शालीत घ्यायची."

सुरतेतल्या पांडेसऱ्याची ती सगळी गल्ली कान देऊन ऐकत होती. एकटी विशाखा पायरीवर फुरंगटून बसली होती. बाराव्यांदा ऐकत होती ती हे! शाळेतून एकाच मुलीला बोलिव्हियाला पाठवायचं होतं, तिथल्या घरांमध्ये तीन आठवडे राहायला. मुलाखतीला दोघी गेल्या. विशाखाला तर बोलिव्हियाचा नकाशा न बघता काढता येत होता! आणि निवड झाली जागृतीची. का? तर म्हणे, ती मोकळेपणाने बोलते! विशाखाचा नुसता जळफळाट झाला होता.

त्यात ते कापड! लुसियाच्या आजीने स्वतः विणून जागृतीला दिलेलं, चौकोनी, लोकरीचं, लाल-गुलाबी पट्ट्यांचं. चार कोपऱ्यांना चार गोंडे. तिकडच्या बायका त्यात बाळ नाहीतर बटाटे बांधून पाठीवर घेतात म्हणे. 'हरवू दे एकदाचं!' असं सकाळीच विशाखाच्या मनात आलं होतं.

आणि दुपारी ते खरंच हरवलं!

"खाटेवरच होतं! सहाला आजीचा व्हिडिओ कॉल आहे. मी काय दाखवू तिला?" जागृती रडकुंडीला आली.

तिची आई, शोभाकाकू, विशाखाकडे रोखून बघत म्हणाल्या, "ज्याच्या पोटात दुखत होतं ना, त्यालाच विचार!"

विशाखाचे कान तापले. तिने कापडाला हातही लावला नव्हता. पण मनात आलेलं तर खोटं नव्हतं! आता ते सापडलं नाही, तर गल्ली तिला चोर म्हणणार. जागृतीनेही तिची बाजू घेतली नाही, हे तर फारच लागलं.

"दीदी, तू नाही घेतलंस," विशाखाचा धाकटा भाऊ प्रदीप म्हणाला. "घेतलं असतंस तर तुझ्या तोंडावरच दिसलं असतं!"

"मग शोधू या. चल ने!"

शोभाकाकूंकडे साड्यांना लेस लावायचं आणि लोंबते धागे कापायचं काम चाले. दाराशी कापलेल्या धाग्यांचा ढीग होता. विशाखाने तो चिवडला. पांढरे धागे, सोनेरी धागे, आणि हे गुलाबी, जाडसर?

"साडीचेच असतील," जागृती म्हणाली.

"काडेपेटी आण!"

विशाखाचे बाबा डाइंग मिलमध्ये होते. त्यांची कापड ओळखायची युक्ती तिने कितीदा तरी पाहिली होती. अंगणात जाऊन तिने साडीचा धागा चिमट्यात धरून पेटवला. तो वितळला आणि त्याची टणक गोळी झाली. मग गुलाबी धागा. तो चुरचुरला आणि वास सुटला.

"शी! केस जळाल्यासारखा!" प्रदीपने नाक दाबलं.

"लोकर! मे महिन्यात सुरतेत लोकर कुणाकडे असणार? कुणीतरी गोंडा कापलाय! काकू, दुपारी कोण आलं होतं?"

"गंगारामभाऊ. तयार साड्या न्यायला. मी आत चहा टाकत होते..."

"त्यांचा टेम्पो पाचला कडोदऱ्याला सुटतो!" जागृती ओरडली. पावणेपाच वाजले होते!

तिघं धूम पळत सुटली. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो गच्च भरून उभा होता.

"काका, आमच्या घरचं गाठोडं काढा ना!" जागृती धापा टाकत म्हणाली.

"पार खाली आहे ते. उद्या बघू. व्हा बाजूला!" काकांनी इंजिन सुरू केलं.

विशाखा पुढे झाली. "आणि त्यात लेसची सुई राहिली असेल तर? कुणाला टोचली तर शेठ कुणाला विचारेल?"

"सुई?" काकांचा चेहरा उतरला. इंजिन बंद! भराभर गाठोडी खाली आली. शेवटचं होतं लाल-गुलाबी!

"हे होय?" काका ओशाळले. "माझं फडकं फाटलं, खाटेवर हे दिसलं. चौकोनी, मजबूत! कोपऱ्यांना धागे लोंबत होते, ते कापले. हाताची सवय, पोरींनो!"

"आणि सुई?" प्रदीपने विचारलं.

"असेल तर, म्हटलं होतं मी!"

परतताना विशाखा हळूच म्हणाली, "जागू, हे हरवावं असं सकाळी मला वाटलं होतं."

"तोंडावर दिसत होतं तुझ्या!" जागृती म्हणाली. "आणि माझं ऐक. तिथे आजी रोज विचारायची, तुमच्याकडे कापड कसं तयार होतं? मला काही सांगता यायचं नाही. वाटायचं, विशाखाने फडाफडा सांगितलं असतं. इतका राग यायचा ना तुझा!"

विशाखाला खरंच वाटेना. बोलिव्हियात बसून हिला माझा हेवा?

सहाला फोनवर आजी दिसली. तिकडे सकाळ होती. कापलेले गोंडे तिने लगेच हेरले. जागृतीने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं आणि विशाखाला पुढे ओढलं. विशाखाने उरलेला धागा जाळून दाखवला. आजीने शालीतला एक धागा उपटला, चुलीतल्या निखाऱ्यावर धरला, हुंगला आणि खदखदून हसली. बाजारात लोकर ती अशीच पारखत असे!

"चुकलंच माझं, पोरी," शोभाकाकूंनी विशाखाला जवळ घेतलं. "डोकं आहे हो तुला!"

"माझ्या गाठोड्यांना आता हीच तपासणीस!" गंगारामकाका म्हणाले.

तेवढ्यात आजी पुन्हा काहीतरी बोलली. गल्लीत स्पॅनिश एकट्या जागृतीला कळत होतं. तिने ते वाक्य गिळून टाकलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण ती सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "आजी विचारते, या मुलीला का नाही पाठवलंत?"

जागृतीची निवड का झाली, ते विशाखाला तेव्हा कळलं. आणि तिला जागृतीचा पुन्हा एकदा हेवा वाटला!