झ्लातामावशीचे गहू

दार ओढून घ्या पोरांनो, आणि राकिया बेतानं ओता, घरची कडक दारू आहे. ऐकताना हात थरथरला की सांडते. देतेलिनची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असं तुम्हाला वाटतं. काही ठाऊक नाही. माझी वहिनी स्तामेना, बेकरीवाली, तिनं ती त्याच्या तोंडून ऐकली आणि त्याच सकाळी मला सांगितली. त्यानंतर त्यानं तोंडच उघडलेलं नाही.

हा देतेलिन म्हणजे नगराध्यक्षांचा मेहुणा. एवढीच त्याची लायकी. कुठेच चिकटवता येईना, म्हणून त्याला वाचनालयाचा प्रमुख केला. जन्मात पुस्तक उघडलं नव्हतं गड्यानं. झ्लातामावशी तिथली जुनी ग्रंथपाल. तिला मागेपुढे कोणी नव्हतं. संत अतानासच्या सणाच्या आदल्या रात्री, म्हणजे सतरा जानेवारीला, ती वाचनालयातच खुर्चीत बसल्या बसल्या गेली. अंगात कोट, हातांत लोकरीचे हातमोजे. शेगडी गार होती, कारण वाचनालयाची लाकडं शरदातच देतेलिनच्या राकियाच्या भट्टीखाली जळून गेली होती. डॉक्टर म्हणाला, वय झालं होतं. देतेलिनही तेच म्हणाला, फक्त जरा जास्त मोठ्यानं.

मग वर्षभर त्या वाचनालयाची काय शोभा झाली ते ऐका. वसंतात वर्तमानपत्रं बंद. "बातम्या टीव्हीवर दिसतात की," म्हणाला. उन्हाळ्यात वाचायच्या खोलीत टरबुजं भरली, कारण तिथं गारवा असतो. शरदात मुलांच्या खोलीत आंबवलेल्या कोबीची पिंपं आली. त्या वासात कुठलं पोर गोष्टी वाचेल? तीन म्हातारे मात्र यायचेच. त्यातला गेंचो, रेल्वेतून निवृत्त झालेला, टोपीसुद्धा रेल्वेचीच घालायचा. टरबुजं बाजूला सारून जुनाच पेपर पुन्हा वाचत बसायचा.

"काय गेंचोबा, टरबुजं राखायला आलात का?" देतेलिन खिदळायचा.

"तू मावशीचे गहू वाटलेस का रे?" गेंचो विचारायचा. "तिला जाऊन चाळीस दिवस झाले, सहा महिने झाले. तिचं दुसरं कोण आहे? वाचनालयानंच वाटायला हवेत."

"मेलेल्यांना भूक लागत नाही, बाबा. जिवंतांचं बघा."

गहू कसे घ्यायचे हेही तुम्हाला सांगायला हवं वाटतं. तुमची पिढी म्हणजे हातात पडलं की तोंडात. मेलेल्याच्या नावानं उकडलेले, साखर घातलेले गहू कोणी दिले, तर आधी विचारायचं, "कोणाचे?" नाव ऐकायचं, "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं, आणि मगच घास घ्यायचा. आपल्याकडे शेंबडं पोरही हे जाणत होतं.

नोव्हेंबरात गेंचो गेला. नाताळाच्या आत उरलेले दोघंही. आणि आपलं हे थोर गाव? आपापल्या शेगडीशी पाय शेकत बसलं होतं.

तर पुन्हा सतरा जानेवारी आली. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याची समिती येणार होती. वाचक नाहीत असा शेरा मारणार, वाचनालयाला कुलूप लागणार, आणि तिथं देतेलिनचं कॅफे होणार, जुगाराच्या मशीनांसकट. मध्ये आडवा होता तो फक्त कोबीचा वास; तो आला तर वाचक कोणी पळवले ते समितीला कळलं असतं. तेव्हा गाव झोपल्यावर हा पठ्ठ्या हातगाडी घेऊन पिंपं हलवायला निघाला. बर्फ पडून गेलेलं, चांदणं लख्ख. शीळ घालत चालला होता.

दाराशी आला, तर आत दिवा.

त्याला वाटलं, आपणच विसरलो असू. किल्ली फिरवली. दार उघडलं.

आत ऊब होती.

शेगडी धडधडून पेटलेली. लाकूड तर इमारतीत काडीभर नव्हतं. कोबीचा वासही नव्हता. तीन टेबलांशी तीन माणसं, पाठमोरी, वाचत बसलेली.

"अहो! वाचनालय बंद आहे! कोण तुम्ही?"

कोणी वळलं नाही. एक पान उलटलं. नुसता तेवढाच आवाज.

मधल्याच्या डोक्यावर रेल्वेची टोपी होती...

गेंचोच्या मातीला देतेलिन स्वतः गेला होता. जेवणासाठी का होईना, गेला होता.

तेवढ्यात बाजूनं एक हात पुढे आला. लोकरीचा हातमोजा घातलेला. हातात उकडलेल्या गव्हांचा कागदी पेला, पेल्यात चमचा. देतेलिननं घेतला. फुकटचं कधी सोडलं नव्हतं त्यानं, हातच तसा वळलेला. घास घेतला. गोड लागला. गिळला...

आणि मग विचारलं, "कोणाचे?"

काळी शाल होती. शालीत तोंड दिसेना.

"आधी विचारायचं असतं, बाळा."

पुढे काहीच नाही. तिनं फक्त चौथ्या टेबलाची खुर्ची मागे ओढली. त्याच्यासाठी.

देतेलिन पळाला. हातगाडी तिथंच, टोपी तिथंच. गल्लीत एकच खिडकी उजळलेली, स्तामेनाच्या बेकरीची. ती पहाटेच्या पावांचं पीठ मळून नुकतीच थांबली होती. यानं काच बडवली. तिनं खिडकी उघडली, याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या हातातला कागदी पेला खाली पडला.

"अगंबाई... देतेलिन? तू जिवंत आहेस?"

"काय बोलतेस?"

"आत्ता एक म्हातारी येऊन गेली रे. शाल होती, तोंड नाही दिसलं. गहू दिले. मी विचारलं, कोणाचे? तर म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"देतेलिनचे."

तो पिठाच्या पोत्यावर बसला.

"आणि तू खाल्लेस?"

"खाल्ले ना. देव त्याला क्षमा करो म्हटलं, आणि खाल्ले."

"परत घे."

"काय?"

"म्हटलेलं परत घे, स्तामेना! पाया पडतो तुझ्या..."

"तसं कुठं घेता येतं रे?"

त्या पोत्यावरच त्यानं सगळं सांगितलं. लाकडांचंसुद्धा. उजाडेपर्यंत म्हातारी घरोघर फिरून गेली होती आणि अख्ख्या गल्लीचं "देव क्षमा करो" म्हणून झालं होतं. जिवंतपणी कोणी त्याच्याबद्दल इतकं चांगलं बोललं नव्हतं.

समिती आली. सही करायला प्रमुख जागेवर नाही म्हणून कॉफी पिऊन परत गेली, ती गेलीच. म्हणून तर वाचनालय अजून उघडं आहे. तुमच्या-आमच्या पुण्याईनं नव्हे. देतेलिन बहिणीकडे खुर्चीत बसून असतो. भरवलं तर खातो. हाक मारली तर... कोणी नाही आत.

ती जी नवी पोरगी आहे ना वाचनालयात, ती रोज संध्याकाळी चौथ्या टेबलावरचं एक जाडजूड पुस्तक मिटून कपाटात ठेवते. सकाळी ते टेबलावर उघडं असतं. इतकी वर्षं झाली, अजून तेविसाव्या पानावर आहे. अक्षराला अक्षर लावत वाचणारा, दुसरं काय होणार? शेवटच्या पानाशिवाय काही त्याला उठू देत नसणार तिथून.

काल सकाळी दार उघडलं तेव्हा मी होतो तिच्याबरोबर. पान नुकतंच उलटलेलं होतं. कोपऱ्यावर थुंकी लावलेल्या अंगठ्याचा ठसा...

मी बोट लावून पाहिलं. ओला होता.